पडद्यावरची माणसं आणि आपला खान्देश: तुमचे अनुभव सांगा

मागच्या आठवड्यात शिरपूरला मावसभावाकडे स्मिता पाटीलचा विषय निघाला आणि रात्री दोनपर्यंत ओट्यावरून कुणी उठलं नाही. प्रत्येकाजवळ सांगायला काहीतरी होतं. म्हणून हा धागा. गेल्या शतकातल्या नट-नट्यांवर लेख पुष्कळ आहेत. मला हवंय ते वेगळं: ही माणसं तुमच्या गावात, तुमच्या घरात कशी आली? अहिराणी, तावडी, लेवा बोली, जी तोंडात असेल तिच्यात लिहा.

भुसावळ, निवृत्त सिनेमा ऑपरेटर

'सोंगाड्या' १९७१ चा. आमच्या थेटरात लागला तेव्हा मी हेल्पर होतो. लोकांनी दादा कोंडके डोळे भरून पाहिले. मी पाहिले ते केबिनच्या चौकोनी खिडकीतून, तेही अर्धेमुर्धे, कारण नजर प्रोजेक्टरमधल्या कार्बनच्या कांड्यांवर ठेवावी लागे. दोन कांड्यांच्या मध्ये उजेड पेटतो, कांड्या जळून आखूड होतात, अंतर चुकलं की पडदा पिवळा पडतो. पण हशा वरपर्यंत यायचा. नाडी लोंबणारी चड्डी दिसली की थेटर फुटायचं, पुढचं वाक्य त्या गलक्यात बुडायचं. ते ऐकायला लोक पुन्हा तिकीट काढायचे.

एका रात्री माझ्या हातून फिल्म नीट बसली नाही आणि तटकन तुटली. ब्लेडनं टोक खरवडायचं, फिल्म चिकटवायचं सिमेंट लावायचं, दाबून धरायचं. दोन-तीन मिनिटांचं काम, पण माझे हात थरथरत होते आणि खाली शिट्ट्या. तेवढ्यात पुढच्या रांगेतला एक म्हातारा शेतकरी उभा राहिला नि दादांची वाक्यं दादांच्याच ढंगात म्हणायला लागला. शिट्ट्या थांबल्या. मी जोड दिला. पुढे दादांच्या नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव केले म्हणून त्यांचं नाव गिनीज बुकात गेलं, तेव्हा मला तो म्हातारा आठवला.

यावल तालुका

माझी आजी आसोद्याची, म्हणजे कवयित्री बहिणाबाईंच्या माहेरची. 'मानिनी' (१९६१) तिनं जत्रेतल्या तंबूत पाहिला. जयश्री गडकर पडद्यावर, सुमन कल्याणपूरांचा आवाज आणि बहिणाबाईंचं, आपल्या बोलीतलं 'अरे संसार संसार'. तोवर शहरात गेली की आजी दबून बोलायची, आपली बोली गावंढळ वाटेल म्हणून. त्या दिवसानंतर नाही दबली. हे ती स्वतः सांगायची.

१९८७ ला 'रामायण' सुरू झालं. रविवारी सकाळी शेजारच्यांच्या टीव्हीसमोर अर्धी गल्ली बसायची, लाइट गेली तर ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणायची. कौसल्या दिसली आणि आजी ओरडली, "अवं, हे तं मानिनी!" दशरथ झालेले बाळ धुरी हे जयश्रीबाईंचे खरे यजमान, हे वडिलांनी तिला सांगितलं. मग दशरथ जातो तो भाग आला. आजीनं पदर तोंडाला लावला. "खरा नवरा समोर निजलेला, अन् तो मेला म्हून रडायचं. कसं केलं असंल माय तिनं?" अरुण गोविलांपुढे बाकीचे हात जोडायचे, आमच्या घरात नाव निघायचं ते कौसल्येचं.

अमळनेर

साने गुरुजी इथल्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते, त्यामुळे अत्र्यांचा 'श्यामची आई' (१९५३) आम्हाला घरचाच वाटतो. राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक त्याला मिळालं. शाळेत दाखवला तेव्हा वनमालाबाईंनी साकारलेली आई पाहून आमचे मारकुटे मास्तर मागे भिंतीशी उभे राहून रडत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी छडी आणली नाही. तिसऱ्या दिवशी आणली, हेही खरं आहे.

शिरपूर

स्मिताचे वडील शिवाजीराव गिरधर पाटील इथले. त्यामुळे माझी आजी तिला नटी म्हणतच नसे. "हाई आपली आंडेर शे," म्हणजे ही आपली लेक आहे, एवढंच. माझे मामा तेव्हा मुंबईत होते. दूरदर्शनवर बातम्या सांगणारी सावळी मुलगी आपल्या शिरपूरच्या पाटलांची आहे, हे ते चाळीत अभिमानानं सांगायचे. गोऱ्या रंगाचं एवढं वेड असलेल्या आपल्या मुलखात सावळ्या पोरींना तिनं काय दिलं, ते आम्हालाच ठाऊक. 'भूमिका' आणि 'चक्र'साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, त्याचे पेढे आजीनं वाटले होते.

'उंबरठा' (१९८२) आईनं धुळ्याला पाहिला. महिलाश्रमाच्या नोकरीसाठी घराबाहेर पडणारी सुलभा. परतताना एसटीत आई एक शब्द बोलली नाही. घरी येऊन भाकरी थापता थापता वडिलांना म्हणाली, "मी अंगणवाडीचा फॉर्म भरणार." वडील ताटावरून उठले. आईनं तवा उतरवला नाही, भाकरी भाजतच राहिली.

१३ डिसेंबर १९८६ ला स्मिता गेली, अवघ्या एकतीसाव्या वर्षी, मूल पंधरा दिवसांचं. बातमी कळली तेव्हा आई अंगणवाडीत मुलांना खिचडी वाढत होती. तिनं सगळ्या पोरांना वाढून घेतलं, भांडी घासली, रजिस्टरमध्ये हजेरी लिहिली. मग दाराला कडी लावून आत बसली, ती संध्याकाळीच बाहेर आली.