किट विकू नका, ९ होल खेळा
आठवड्यातून दोनदा गोल्फ खेळणं आता महिन्यातून एकदावर आलं, एका फेरीतले फटके ८५ चे ९६ झाले, मग किट विकून टाकू का, असं तुम्ही विचारलंय. विकू नका, अगदी कळकळीने सांगतो.

माझंही असंच झालं होतं. नीट बघितल्यावर कळलं, ड्राइव्ह, म्हणजे होलच्या सुरुवातीचा लांब फटका, फारसा बिघडलाच नव्हता. फटके वाया जात होते ते ग्रीनजवळच्या, म्हणजे खळग्याभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीजवळच्या, तीस यार्डांत. सराव सुटला की हाताचा अंदाज सगळ्यात आधी जातो. पार ७२ च्या, म्हणजे १८ होलना ७२ फटके अपेक्षित असलेल्या कोर्सवर ३६ फटके पटिंगचेच, म्हणजे ग्रीनवर चेंडू हळूच खळग्यात ढकलण्याचेच, धरलेले असतात, आणि पटिंगच्या सरावाला कोर्स लागत नाही. मी रोज रात्री दहा मिनिटं गालिच्यावर चार फुटांवर पेला आडवा ठेवतो आणि चेंडू पेल्यात गेल्याचा आवाज येईपर्यंत मान वर करत नाही. एवढ्यानेच एकेका ग्रीनवर तीन-तीन पटिंगचे फटके मारणं बरंच कमी झालं.

हँडिकॅपची, म्हणजे खेळाडूची पातळी दाखवणाऱ्या आकड्याची, धास्ती नको. शेवटच्या २० पैकी सर्वोत्तम ८ फेऱ्याच त्यात धरतात. आणि १८ होलना वेळ नसेल तर ९ खेळा, तो स्कोअरही नोंदवता येतो. जुन्या सोबत्यांना विचारून बघा, त्यांचीही वेळेची तीच ओढाताण असेल.