मदत हवी आहे: बाबांना शिजवलेलं फळ, सफरचंद की मयडेची केळी (गोव्यातल्या मयडे गावची मोठी केळी)?

बाबा ६८ वर्षांचे, पोट साफ होत नाही, शुगर पण आहे (गोळी चालू). डॉक्टरना दाखवलंय, घाबरण्यासारखं काही नाही म्हणाले. इसबगोल झालं, कच्च्या फळाने पोट फुगतं. आठ दिवस सकाळी सफरचंद सोलून, दालचिनी घालून शिजवून देतेय, साखर अजिबात नाही, गॅस कमी झालाय पण पोट अजून रोज साफ नाही. आता म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून मयडेची केळी आणलीयत, पूर्ण पिकलेली, आई म्हणते उकडून दे, शेजारची काकी म्हणते केळ्याने उलट घट्ट होतं, मला वाटतं ते कच्च्या केळ्याचं असावं. कोणी शुगरवाल्याला दिलीयत का, एका वेळी किती, आणि सफरचंद सालासकट शिजवलं तर जास्त फरक पडतो का?