जोसेफ रॉजर्सचा जुना वस्तरा : काळ कसा ठरवावा?

जुनी_पेटी :

साताऱ्याकडील आमच्या घरातील एका लाकडी पेटीत घडीचा एक वस्तरा मिळाला आहे. पात्याच्या दांड्यावर तारा आणि माल्टीज क्रॉस ही दोन चिन्हे, 'जोसेफ रॉजर्स अँड सन्स' हे नाव, 'कटलर्स टू हर मॅजेस्टी' ही ओळ आणि 'व्ही' व 'आर' या अक्षरांच्या मध्ये मुकुट असा ठसा आहे. देशाचे नाव मात्र कोठेही नाही. मूठ पांढरट-पिवळसर असून जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याने ती हस्तिदंती असल्याचे सांगितले. 'इंग्लंड' हा शब्द नसेल तर वस्तू 1891 पूर्वीची समजावी, असे माझ्या वाचनात आले आहे. हा नियम येथे लावता येईल का, आणि याहून नेमका काळ सांगता येईल का? वस्तरा विकायचा नाही. घरातील वस्तूंच्या नोंदवहीत योग्य माहिती लिहायची आहे.

पोलादवाचक :

आपण वाचलेला नियम खरा आहे, पण तो अमेरिकेचा आहे. तेथील 1890 च्या मॅकिन्ली जकात कायद्यानुसार 1 मार्च 1891 पासून आयात मालावर मूळ देशाचे नाव इंग्रजीत असणे बंधनकारक झाले. रॉजर्सचे गाव असलेल्या इंग्लंडमधील शेफील्डच्या कारखानदारांना अमेरिकेची बाजारपेठ महत्त्वाची असल्यामुळे अनेकांनी आपल्या मालावर 'इंग्लंड' असा ठसा मारण्यास सुरुवात केली. परंतु मुंबई बंदरात उतरणाऱ्या मालाला तो कायदा लागू नव्हता. त्यामुळे 'इंग्लंड' हा शब्द असेल तर वस्तरा बहुधा 1891 च्या सुमाराचा किंवा नंतरचा, असे म्हणता येते. नसेल तर, विशेषतः वस्तू भारतात मिळालेली असताना, त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. आपल्याकडचे पुष्कळ संग्राहक हा अमेरिकी नियम डोळे झाकून लावतात आणि वस्तूचे वय वीस-पंचवीस वर्षांनी सहज वाढवून ठेवतात.

राजचिन्हाचा ठसा यापेक्षा भरवशाचा. 'व्ही आर' म्हणजे राणी व्हिक्टोरिया, म्हणजेच 1837 ते 1901. 'डब्ल्यू आर' असते तर चौथ्या विल्यमची 1830 ते 1837 ही अवघी सात वर्षे हाती लागली असती. 'हर मॅजेस्टी' हे शब्दही राणीच्या काळाशी जुळतात. तारा आणि क्रॉस यांवरून मात्र काळ ठरवू नये, कारण ते चिन्ह रॉजर्स घराण्याला 1764 मध्येच मिळाले होते आणि पुढे विसाव्या शतकातही वापरात राहिले. त्याचा उपयोग अस्सलपणा तपासण्यासाठी होतो. या नावाच्या नकला भरपूर झाल्या आहेत, तेव्हा इंग्रजी नावात (Rodgers) 'डी' हे अक्षर आहे ना, ते भिंगाखाली पाहून घ्यावे.

राणीच्या चौसष्ट वर्षांतील नेमका भाग शोधायचा असेल तर पात्याची घडण पाहावी लागेल. पात्याचे टोक डोळ्यांसमोर धरून पाहा. दोन्ही बाजू पाठीपासून धारेपर्यंत जवळजवळ सरळ उतरत असतील, म्हणजे छेद भरीव पाचरीसारखा असेल, तर पाते शतकाच्या पूर्वार्धाकडे झुकते. दोन्ही बाजू आत खोलगट घासलेल्या असतील आणि धारेजवळचे पोलाद अतिशय पातळ असेल तर ते उत्तरार्धातील, त्यातही बहुधा शेवटच्या दोन-तीन दशकांतील समजावे. ही पद्धत रूढ होण्यात जर्मनीतील झोलिंगेनच्या कारागिरांचा वाटा मोठा आहे. दांड्यामागची शेपटीही पाहावी. अठराव्या शतकातील वस्तऱ्यांना ती नसते किंवा नावापुरती असते. लांब, वळणदार शेपटी एकोणिसाव्या शतकात आली.

सहाण :

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. भर एवढीच की, मूठ आणि पाते यांचे वय वेगवेगळे धरावे. रोजच्या वापरातल्या वस्तऱ्याची मूठ तडकली की नवी बसवली जात असे, आणि न्हाव्याच्या धोकटीतील वस्तऱ्यांबाबत तर हे नेहमीचेच होते. सांध्याचा खिळा काळजीपूर्वक पाहावा. त्याचे डोके हाताने ठोकून गोल केलेले आहे का, खालची पितळी चकती मुठीत नीट बसली आहे का, आणि पाते मिटल्यावर मुठीच्या दोन्ही फळ्यांच्या बरोबर मध्ये येते की एका बाजूला घासते, एवढ्यावरून बरेच कळते.

हस्तिदंताविषयी व्यापाऱ्याच्या शब्दावर विसंबू नये. खऱ्या हस्तिदंताच्या आडव्या कापावर, म्हणजे फळीच्या टोकाच्या कडेला, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक वक्र रेषांची जाळी दिसते. हाडावर काळपट ठिपके किंवा सूक्ष्म खाचा असतात. सेल्युलॉइड या जुन्या प्लास्टिकमध्ये हस्तिदंताची नक्कल म्हणून मुद्दाम रेषा भरत, पण त्या समांतर आणि फारच नियमित असतात. शिवाय कापडाने जोरात चोळून हुंगल्यास कापराचा वास येतो. तापलेली सुई टोचून पाहण्याची युक्ती अजिबात करू नये, कारण सेल्युलॉइड भडकन पेट घेते. हे द्रव्य अमेरिकेत 1870 च्या आसपास तयार झाले, त्यामुळे मूठ सेल्युलॉइडची असेल तर ती त्यानंतरचीच.

जुनी_पेटी :

दोघांचेही आभार. पाते पाचरीसारखे भरीव आहे आणि शेपटी लांब व वळणदार आहे. नावात 'डी' आहे. मुठीवरील रेषा समांतर असून चोळल्यावर कापराचा वास स्पष्ट आला. मुठीला लागून असलेल्या भागात पात्यावर तांबूस गंज आहे, बाकीचे पाते स्वच्छ आहे. हा गंज पॉलिश करून काढावा का?

पोलादवाचक :

पॉलिश करू नये. यंत्रावर घासलेल्या पात्याचे ठसे पुसट होतात आणि काळ ठरवण्याचा आपला मुख्य पुरावाच नाहीसा होतो. मऊ कापडावर शिलाई मशीनचे तेल घेऊन हलक्या हाताने सुटा गंज तेवढा पुसावा. पात्याच्या पाठीवर सपाट पट्टी पडली आहे का, तेही पाहून लिहावे. ती वर्षानुवर्षे सहाणेवर पाजवल्याची खूण असते, आणि अशा पात्याची रुंदी मुळात आजच्यापेक्षा जास्त होती असे धरावे लागते.

आपल्या नोंदीत पाते 'व्हिक्टोरियाकालीन, 1837 ते 1901, घडणीवरून शतकाच्या पूर्वार्धातील असण्याचा संभव अधिक' आणि मूठ '1870 नंतरची, सेल्युलॉइड, बहुधा बदललेली' असे दोन वेगळे रकाने करावेत. पूर्वार्धाबाबत मी 'संभव' हा शब्द मुद्दाम वापरला आहे, कारण जाड पाती पसंत करणारे गिऱ्हाईक नंतरही होते आणि शेफील्डचे कारखाने ती बनवत राहिले.

निळी_शाई :

माझ्याकडील वस्तऱ्यावर 'डब्ल्यू आर' आणि 'सिल्व्हर स्टील' असे दोन्ही ठसे आहेत. यांचा मेळ बसतो का?

पोलादवाचक :

उत्तम बसतो. लंडनचे चाकू व शस्त्रक्रियेची हत्यारे बनवणारे जेम्स स्टोडार्ट आणि शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडे यांनी पोलादात इतर धातू मिसळण्याचे प्रयोग केले, त्यांत पाचशे भागांत एक भाग चांदी हे प्रमाण त्यांना गुणकारी वाटले. त्यांचे निष्कर्ष 1820 आणि 1822 मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा या नावाचा ठसा त्याआधीचा असणे कठीण आहे आणि आपली 1830 ते 1837 ही वर्षे त्यानंतरच येतात. त्या पोलादात चांदी खरोखर किती असे, हा भाग वेगळा. लवकरच ते बहुतांशी जाहिरातीचे नाव झाले. या प्रयोगांमागे भारतीय वूट्झ पोलादाविषयीचे कुतूहल होते. त्याचे नमुने डॉ. हेलेनस स्कॉट यांनी मुंबईहून लंडनला पाठवले होते आणि जॉर्ज पिअरसन यांनी त्यांवर 1795 मध्ये रॉयल सोसायटीपुढे निबंध वाचला होता.

सहाण :

'जुनी_पेटी' यांच्यासाठी एक राहिले. मुठीजवळचाच भाग गंजला आहे, याचा अर्थ सेल्युलॉइड विघटित होऊ लागले असावे. त्यातून निघणारे आम्लयुक्त वायू पोलाद खातात आणि शेजारच्या वस्तूंनाही सोडत नाहीत. वस्तरा बंद डबीत ठेवू नये. पाते उघडे करून, हवेशीर आणि कोरड्या जागी, इतर वस्तूंपासून दूर ठेवावा. मुठीला चिरा पडू लागल्यास खिळा जपून काढवून पाते वेगळे करून घ्यावे, मात्र जुनी मूठ आणि खिळा टाकून देऊ नयेत.