पणती घेण्याआधी ती उलटी करून बघा

(सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरची चर्चा, कोजागिरीनंतरचा आठवडा, पुणे. सुरुवात लहान मुलांच्या कपड्यांपासून, मग डास, ताप आणि शेवटी दिवाळीच्या इलेक्ट्रिक पणत्या)

बी-३०४: नमस्कार. मुलगी १९ महिन्यांची आहे. दुपारी ३२-३३ डिग्री, पहाटे खिडकीतून गार वारा. पांघरूण अंगावर ठेवतच नाही. या दिवसांत रात्री नेमकं काय घालायचं? ट्रंकेतून स्वेटर काढावेत का?

ए-१०२ काकू: स्वेटर इतक्यात नको गं. पांघरूण राहणार नाही हे धरूनच कपडे घाल. आत बिनबाह्यांचं सुती बनियन, वर पातळ सुती फुल बाह्यांचा सदरा आणि पायघोळ पायजमा. बस. पंखा एक किंवा दोनवर, पण गादी पंख्याच्या बरोब्बर खाली नको. थंडी वाजते का हे पंजाला हात लावून बघू नकोस, लहान मुलांचे पंजे गारच असतात. मानेच्या मागून सदऱ्यात दोन बोटं घालून बघ. घाम लागला तर एक कपडा कमी, गार लागलं तर एक जास्त.

ए-१०२ काकू: आणि झोपेत कानटोपी अजिबात नाही. सरकून नाकातोंडावर येते.

ए-४०४: एसी चालेल का?

ए-१०२ काकू: २६ वर ठेवा आणि टायमर लावा, मध्यरात्रीनंतर बंद होईल असा. पहाटेची हवा तशीच गार असते, एसी चालूच राहिला तर मूल पाचला उठून बसतं आणि मग सगळं घर उठतं.

सी-५०१ डॉक्टर: काकूंशी सहमत. स्वेटर आत्ता घालायचे नसले तरी आत्ताच काढा, कारण वेगळं आहे. ट्रंकेत डांबरगोळ्या असतील तर ते कपडे थेट अंगावर घालू नका. नुसतं ऊन दाखवून भागत नाही, धुवायलाच हवेत. धुवा, कडक उन्हात दोन दिवस वाळवा, नाक लावून बघा. वास येत असेल तर पुन्हा धुवा.

बी-३०४: वासानं काय होतं डॉक्टर?

सी-५०१ डॉक्टर: नॅफ्थलीनच्या डांबरगोळ्यांचा प्रश्न आहे. काही मुलांच्या रक्तात जी-६-पीडी नावाचं एन्झाइम जन्मतः कमी असतं, मुलग्यांत जास्त आढळतं. बहुतेक घरांत ते माहीतही नसतं, कारण एरवी मूल ठणठणीत असतं. अशा मुलाच्या श्वासातून, त्वचेतून किंवा पोटात नॅफ्थलीन गेलं तर तांबड्या पेशी फुटतात. एक-दोन दिवसांत मूल पांढरंफटक पडतं, डोळे पिवळे होतात, लघवी काळ्या चहासारखी. असं काही दिसलं तर लगेच दवाखाना. शिवाय गोळी दिसायला पेपरमिंटसारखी. कपाट आवरताना घरंगळलेली एक गोळी पलंगाखाली राहते आणि ती सापडते नेमकी रांगणाऱ्याला. मोजून काढा, मोजून टाका.

ए-४०४: त्याऐवजी कापूर ठेवला तर? नैसर्गिक असतो ना.

सी-५०१ डॉक्टर: नको! कापूर लहान मुलाच्या पोटात गेला तर डांबरगोळीपेक्षा जास्त वेगानं घात करतो. ५ ते ९० मिनिटांत झटके येऊ शकतात, आणि अर्धा-एक ग्रॅमसुद्धा दीड-दोन वर्षांच्या मुलाला धोक्याचा. देवघराचा खालचा खण, आरतीचं ताट, उदबत्तीच्या शेजारचा तो छोटा डबा, हे सगळं मुलाच्या हाताच्या उंचीवर असतं. कापूर खाल्ला तर ओकारी काढायच्या फंदात पडू नका, थेट हॉस्पिटल. कापराची पुरचुंडी झबल्याला टाचू नका. कापूर-मेंथॉलचं बामही दोन वर्षांखाली नको.

ई-१०३: डॉक्टर, कपड्यांत कडुनिंबाचा पाला?

ए-१०२ काकू: चालतो, पण सावलीत खडखडीत वाळवून. ओला ठेवलात तर स्वेटरला बुरशी.

डी-२०२: मुलांच्या तब्येतीचाच विषय चाललाय म्हणून. डी विंगच्या पार्किंगमध्ये दुचाकीवर टाकलेल्या ताडपत्रीत पावसाचं पाणी साचलंय. अळ्या वळवळताना दिसतात.

सेक्रेटरी: आज काढून घेतो. रविवारी सगळ्यांनी घरातलं बघा. कुंडीखालच्या ताटल्या, मनी प्लांटची बाटली, एसीच्या नळीखालची बादली.

सी-५०१ डॉक्टर: आणि फ्रिजच्या मागचा ट्रे, तो कोणी बघत नाही. डेंग्यूचा डास स्वच्छ पाण्यात वाढतो, अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस, म्हणून आठवड्यातून एकदा रिकामं करायचं. पण नुसतं ओतू नका. अंडी पाण्याच्या रेषेवर भांड्याला चिकटून बसतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात. काथ्यानं घासा. हा डास दिवसा चावतो, त्यामुळे मच्छरदाणी दुपारच्या झोपेलाही हवी.

बी-३०४: ताप आला तर पॅरासिटामॉल किती एमएल द्यायचं? कोणी ६ म्हणतं, कोणी दीड.

सी-५०१ डॉक्टर: दोन्ही बरोबर, आणि म्हणूनच या ग्रुपवर एमएलमध्ये डोस कोणी सांगू नये. कृपया हे सगळ्यांनी वाचा.

डोस ठरतो वजनावर. एका वेळी किलोला १५ मिलिग्रॅम. १० किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम. आता बाटल्या तीन तऱ्हेच्या येतात. लेबलवर ‘५ मिलीमध्ये १२० मिग्रॅ’ लिहिलं असेल तर साधारण ६ मिली. ‘५ मिलीमध्ये २५०’ असेल तर ३ मिली. आणि ड्रॉपरवाली छोटी बाटली, ‘१ मिलीमध्ये १००’, तिचे दीड मिली. आता समजा सिरप संपलं, घाईत ड्रॉप्स आणले आणि सवयीनं ६ मिली दिले. ६०० मिग्रॅ गेले, म्हणजे चौपट. असं दिवसातून चार वेळा झालं तर यकृताला इजा होऊ शकते.

दोन डोसांत ४ ते ६ तासांचं अंतर, २४ तासांत जास्तीत जास्त ४ डोस. चहाच्या चमच्यानं मोजू नका, बाटलीबरोबरचं माप किंवा सिरिंज वापरा. बाटलीवर पेनानं मुलाचं वजन आणि मिली लिहून ठेवा, म्हणजे आजी-आजोबांना रात्री चष्मा शोधत बसायला नको. सर्दी-खोकल्याच्या मिश्र औषधातही कधी कधी पॅरासिटामॉल असतं, दोन्ही एकदम जाऊ देऊ नका.

एफ-६०१: आयब्युप्रोफेन दिलं तर ताप लवकर उतरतो म्हणतात.

सी-५०१ डॉक्टर: या दिवसांत डेंग्यू नाही हे ठरेपर्यंत आयब्युप्रोफेन नाही, ॲस्पिरिन तर नाहीच. रक्तस्रावाचा धोका वाढतो. आणि डेंग्यूत ताप उतरला म्हणजे सुटलो असं नसतं. तिसऱ्या ते सातव्या दिवसात, ताप उतरतानाच खरा सांभाळायचा काळ. पोटात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, मूल मलूल, सहा तास लघवी नाही, यातलं एक जरी दिसलं तरी थांबायचं नाही.

सेक्रेटरी: धन्यवाद डॉक्टर, हा मेसेज पिन करतो. आता दिवाळीचं. लॉबी आणि जिन्यासाठी १० डझन इलेक्ट्रिक पणत्या घ्यायच्या ठरतंय. तेल सांडत नाही, जिना चिकट होत नाही, मुलांना भाजत नाही. बोहरी आळीत भाव विचारलाय. हरकत असल्यास आजच कळवा.

डी-२०२: हरकत आहे. घेण्याआधी एक पणती उलटी करून बघा.

डी-२०२: तळाला एक गोल किंवा चौकोनी झाकण असतं. बहुतेक स्वस्त पणत्यांत त्याला स्क्रू नसतो, नुसती प्लास्टिकची खाच असते. नखानं सरकवलं की उघडतं. आत सीआर २०३२ नावाची चपटी बटण बॅटरी: ३ व्होल्ट, २० मिलिमीटर, दिसायला रुपयाच्या नाण्यासारखी. पणती कमरेच्या उंचीवरून फरशीवर पडली की झाकण एकीकडे, बॅटरी एकीकडे. जिन्याच्या पायरीवर ठेवलेली पणती म्हणजे दीड वर्षाच्या मुलाच्या बरोबर हातात.

ए-४०४: पण बॅटरी गिळली तरी दुसऱ्या दिवशी शीतून पडते ना? नाणं पडतं तसं.

सी-५०१ डॉक्टर: नाणं पडतं. पण २० मिलिमीटरची बॅटरी लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकते, आणि मग ती नाणं राहत नाही. दोन्ही बाजूंना ओली त्वचा लागते, सर्किट पूर्ण होतं, वीज वाहू लागते. ऋण बाजूला कॉस्टिक सोड्यासारखा क्षार तयार होतो आणि तो तिथली त्वचा जाळत जातो. बॅटरी फुटायची किंवा गळायची गरजच नाही. दोन तासांत गंभीर जखम होऊ शकते. पणती विझली म्हणून काढलेली ‘संपलेली’ बॅटरीही हेच करते, दिवा लागत नसला तरी त्वचा जाळण्याइतका विजेचा दाब तिच्यात उरलेला असतो.

बी-३०४: कळणार कसं पण? डोळ्यांसमोर गिळली नसेल तर?

सी-५०१ डॉक्टर: बरेचदा कळत नाही. लाळ गळणं, खायला नकार, खोकला, छातीत घरघर. कधी काहीच नाही. म्हणून नियम असा: पणतीचं झाकण उघडं, बॅटरी सापडत नाही आणि मूल तिथंच खेळत होतं, एवढं पुरे. एक्स-रे. नाणं एकसंध गोल दिसतं, बॅटरीला कडेनं दुहेरी वर्तुळ दिसतं.

घरी करायचं ते एवढंच. ओकारी काढायची नाही. पाणी, दूध, केळं, काही नाही. मूल एक वर्षाच्या वर असेल, गिळून १२ तास झाले नसतील, नीट गिळता येत असेल आणि घरात मध असेल तर दर १० मिनिटांनी १० मिली, म्हणजे दोन छोटे चमचे, जास्तीत जास्त ६ वेळा, तेही गाडीत, वाटेत. मधाचा थर बॅटरीभोवतीचा क्षार थोडा थोपवतो, पण त्यानं बॅटरी निघत नाही. मध आणायला दुकानात थांबू नका. एक वर्षाखालच्या मुलाला मध नाही. निघतानाच हॉस्पिटलला फोन करून लहान मुलांची एंडोस्कोपी (तोंडातून दुर्बीण घालून तपासणं, वस्तू काढणं) होते का विचारा, आणि पोचल्यावर पहिलं वाक्य ‘बटण बॅटरी गिळल्याची शंका आहे’ हेच. वाहन नसेल तर १०८.

नाकात किंवा कानात घातली असेल तर थेंब, तेल, पाणी काही घालू नका. ओल वाढली की जळणं वाढतं.

एफ-६०१: पाणी घातलं की पेटतात त्या पणत्या? त्यांना झाकण दिसत नाही.

डी-२०२: त्यात वाटीच्या तळाशी धातूचे दोन ठिपके असतात, पाण्यानं ते जोडले गेले की दिवा लागतो. तळ चिकटवलेला असतो म्हणून एवढ्यापुरत्या बऱ्या, पण प्लास्टिक पातळ. चिरलेली पणती ठेवून देऊ नका. त्यात अनेकदा छोट्या बटण बॅटऱ्यांची जोडी असते.

ए-१०२ काकू: आणि ते पाणी रोज रात्री ओतायचं हं. नाहीतर दिवाळी संपल्यावर जिन्यात १२० वाट्या पाणी, आणि डॉक्टरांचे डास.

सेक्रेटरी: मग काय घ्यायचं ते सांगा, मी उद्या जातोय.

डी-२०२: तीन पर्याय. एक, झाकणाला स्क्रू असलेली पणती. छोटा स्क्रू-ड्रायव्हर खिशात न्या, दुकानातच उघडून बघा, आणि दुकानदाराला विचारून एक कमरेच्या उंचीवरून टाकून बघा. दोन, पेन्सिल सेलच्या डब्यावरची माळ, डबा कठड्याच्या वरच्या बाजूला प्लास्टिकच्या केबल टायनं बांधून. तीन, ॲडॉप्टरवरची माळ, पण लॉबीतला प्लग पॉइंट खाली आहे, त्याला झाकण लावावं लागेल.

घरी आधीच आणलेल्यांचं: झाकणाच्या कडेनं हॉट ग्लूची पूर्ण रेघ फिरवा. बॅटरी संपली की पणतीच टाकायची. नुसती चिकटपट्टी मूल दातांनी काढतं. काढलेल्या बॅटरीच्या दोन्ही बाजूंना सेलोटेप लावून झाकणाच्या बरणीत ठेवा आणि ई-कचऱ्यात द्या. गाडीची चावी, वजनकाटा, गाणं वाजणारं ग्रीटिंग कार्ड, यांतही अशाच बटण बॅटऱ्या.

ई-१०३: फराळाचं पण सांगा कोणीतरी. पोह्यांचा चिवडा मऊच असतो, देतात ना मुलांना?

ए-१०२ काकू: पोहे मऊ, पण त्यातले दाणे, डाळं, खोबऱ्याचे काप आणि कढीपत्ता? दाणे-डाळं घालण्याआधी मुलांचा चिवडा वेगळा काढायचा. नंतर निवडत बसलं तर एखादा दाणा राहतोच. दाण्याचं कूट घातलेला लाडू चालेल, अख्खा दाणा नाही. बेसनाचा लाडू टाळूला चिकटतो, कुस्करून थोडा थोडा द्या. शंकरपाळे दुधात भिजवून. आणि पाहुणे गेले की आधी सतरंजी झटका, फोटो मग टाका.

सी-५०१ डॉक्टर: पहिल्या दाढा साधारण १३ ते १९ महिन्यांत येतात, मागच्या दोन ते पावणेतीन वर्षांच्या सुमारास. तोवर मूल पुढच्या दातांनी तोडतं पण दळत नाही, म्हणून दाणा अख्खाच श्वासनलिकेत जातो. अख्खे दाणे चार वर्षांनंतर, तेही बसवून. घास अडकला आणि मूल खोकत असेल तर खोकू द्या. आवाज बंद झाला तर एक वर्षावरच्या मुलाला पुढं वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहातानं ५ थापा, मग बेंबीच्या वर ५ वेळा आत-वर दाब, आलटून पालटून. दिसत नसलेली वस्तू बोटानं कोरून काढायला जाऊ नका, आत ढकलली जाते.

सेक्रेटरी: ठीक. स्क्रूवाल्या पणत्या ६ डझन, बाकी जिन्याला माळ. बोहरी आळीत स्क्रूवाल्या नाहीच मिळाल्या तर?

ए-१०२ काकू: तर मातीच्या आणा, कुंभारवाड्यातून. चार फुटांच्या कट्ट्यावर ठेवू, पायऱ्यांवर नको. वाती मी वळून ठेवल्यात.

डी-२०२: काकू, त्या कट्ट्यावर पेपरवाला पेपर टाकतो.

सेक्रेटरी: त्याला सांगतो.