झटापटीत फासे दोघांनी टाकायचे की एकानेच?

माटुंग्याचा_मास्टर:
आमच्या रविवारच्या टेबलावर यावरून जाम वाजलंय म्हणून विचारतो. डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांवर चालणाऱ्या, पात्रं घेऊन खेळायच्या खेळाच्या 2014च्या नियमांत कुणाला धरून ठेवायचं, म्हणजे ग्रॅपल करायचं, तर दोघंही वीस बाजूंचा फासा टाकायचे, आपापला बोनस मिळवायचे, ज्याचं जास्त तो जिंकला, बरोबरी झाली तर होतं तसंच राहिलं. 2024मध्ये ते काढलं. आता धरणाऱ्याचा आकडा ठरलेला, 8 अधिक स्ट्रेंग्थ (ताकद) अधिक प्रोफिशियन्सी (सरावाचा बोनस), आणि ज्याला धरायचंय त्याने एकट्याने सेव्ह, म्हणजे सुटकेचा फासा, टाकायचा; बोनस धरून तो आकडा गाठला तर सुटला. मला हे शंभर टक्के पटलंय, आम्ही फक्त 8च्या जागी 10 धरतो.

दोन फासे आले की नशीब ताकदीला खाऊन टाकतं. बोनसमध्ये 10चा फरक धरा, इकडे राक्षस, तिकडे हडकुळा जादूगार. दोन फाशांत राक्षस 86 टक्के वेळा धरतो, आमच्या एका फाशात 95 टक्के. राक्षसाच्या मुठीतून जादूगार दर सातातून एकदा निसटणार? का म्हणून? आणि वेळ बघा ना, आमचे दोघं डोंबिवलीचे, त्यांना शेवटची लोकल गाठायची असते, त्यात प्रत्येक झटापटीला दोन रोल, दोन बेरजा, तुझे किती माझे किती, फाइट अर्धीच राहते.

परळची_रेंजर:
मास्टर, तुम्ही 10 धरलात म्हणून गणित गोड दिसतंय. पुस्तकातला 8 धरा आणि बघा. 5चा फरक असेल तर जुन्या नियमात धरणारा 70 टक्के वेळा जिंकायचा, आता 60. बरोबरीच्या दोघांत तर साडेसत्तेचाळीसचे 35 झाले. म्हणजे ताकदीचं कॅरेक्टर जीव लावून बनवलं त्याचाच हात कापला.

पण मला आकड्यांपेक्षा दुसरंच खुपतं. धरायला जाते मी, आणि फासा टाकतो डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, राक्षसांच्या बाजूने खेळणारा डंजन मास्टर. माझी टर्न, माझी चाल, आणि मी हात बांधून बघायचं? कबड्डीत रेडर आत शिरला की पकड घेणारा आणि तो, दोघंही त्याच क्षणी जीव तोडून खेळतात, म्हणून तर सगळं मैदान उभं राहतं. दोघांनी एकदम फासे सोडले की टेबलावर तेच होतं, सगळे वाकून बघतात. ते अर्धं मिनिट मला हवंय, लोकल गेली तरी चालेल.

कळव्याचा_क्लेरिक:
ताई, लोकल तुमची जात नाही, आमची जाते 🙏 दोघांनी टाकायचं एकदा मान्य केलं की ते ग्रॅपलवर थांबत नाही, मग प्रत्येक वाराला पॅरी, म्हणजे वार अडवायचा रोल, हवी म्हणतात. रूनक्वेस्ट या अशाच खेळाने 1978मध्येच ते केलं, टक्क्यांवर वार, तो लागला तर समोरच्याने टक्क्यांवर पॅरी. वाचायला फार खरं वाटतं. पण दोन मुरलेले योद्धे समोरासमोर आणा, वार 80 टक्के, पॅरीही 80 टक्के, तर पॅरी चुकवून लागणारे वार शंभरात 16. बाकी नुसती खणखण. मी एकाच फाशाच्या बाजूने.

गिरगाव_गेमर:
तुम्ही तिघंही डीएमच्या हातात फासा आहे असं धरूनच भांडताय. अपोकॅलिप्स वर्ल्ड या दुसऱ्या खेळाने 2010मध्ये तो काढूनच घेतला. खेळाडूच सहा बाजूंचे दोन फासे टाकणार, 10 किंवा वर आलं तर मनासारखं, 7 ते 9 आलं तर होतं पण काहीतरी किंमत मोजून, 6 किंवा खाली आलं तर मास्टर अडचण आणणार. राक्षस कधीच फासा टाकत नाही. रेंजरताईंची तक्रार मिटली, मास्टरचा वेळ वाचला.

परळची_रेंजर:
नाही मिटली. बोनस नसेल तर ते 7 ते 9 जवळजवळ 42 टक्के वेळा येणार, आणि दरवेळी काय किंमत मोजायची ते मास्टरने जागेवर सुचवायचं. तिसऱ्या तासाला दमलेला मास्टर काय सुचवतो, तर तलवार हातातून पडली, परत पडली. आणि माझी मैत्रीण माझ्याच कॅरेक्टरला धरते तेव्हा समोर राक्षस नसतोच, दोन्हीकडे खेळाडू. तिथे फासा कुणाचा?

माटुंग्याचा_मास्टर:
खेळाडू विरुद्ध खेळाडू असेल तिथे दोघांनी टाका, ते मला मंजूर आहे, तशी झटापट क्वचितच होते. पण गोब्लिन आणि लांडगे यांच्यासाठी नाही. आणि ताई, तुम्ही धरता तेव्हा फासा तुम्हीच टाका ना, समोरच्याचा आकडा 10 अधिक त्याचा बोनस, तुमचा रोल अधिक बोनस त्याच्या वर गेला तर धरला. 5च्या फरकाला 75 टक्के, जुन्या 70पेक्षाही बरं.

परळची_रेंजर:
हे चालेल, पण फक्त किरकोळ गोब्लिनांसाठी. ज्या शत्रूला नाव आहे, ज्याच्यामागे आम्ही तीन सेशन धावलो, तो फासा टाकणार म्हणजे टाकणार, आणि डीएमच्या पडद्याआड नाही, सगळ्यांसमोर.