विज्ञानशिक्षक पुरस्कार: वर्गात खरं शिकवणारा शिक्षक अर्जातून ओळखायचा कसा?

आतशी_भिंग:
नमस्कार मंडळी. शाळेत विज्ञान उत्तम शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी आमचा गट वार्षिक पुरस्कार सुरू करतोय. पहिल्या वर्षी साधारण ६० अर्ज येतील. सध्याचा आराखडा असा: मुख्याध्यापकांचं शिफारसपत्र, शिक्षकाची फाइल (प्रमाणपत्रं, फोटो, उपक्रमांची यादी), शेवटच्या वर्षाचा निकाल आणि तीन परीक्षकांची एक बैठक. यात जाड फाइलवालाच पुढे जाणार हे आत्ताच दिसतंय. रोजच्या तासाला जे घडतं ते दिसावं म्हणून काय मागवावं? गुण कसे द्यावेत? परीक्षक किती लागतील?

लोलक:
फाइल मागवूच नका. ती सजवण्यात शिक्षकाचा वेळ जातो आणि शिकवण्याबद्दल त्यातून काहीच कळत नाही. तीन गोष्टी पुरतात: तीन पानांचं लेखन, एका तासाचं चित्रीकरण आणि मुलांच्या प्रयोगवह्या.

लेखनाला एकच प्रश्न द्या: मुलांचा कोणता चुकीचा समज तुमच्या लक्षात आला, तो कसा कळला, तुम्ही काय केलंत आणि त्यानंतर मुलांच्या बोलण्यात काय बदललं? 'तुमचा शैक्षणिक दृष्टिकोन लिहा' असं विचारलंत तर साठही अर्जांत तीच वाक्यं येतील.

चित्रीकरण ३० मिनिटांचं, जास्तीत जास्त एकदा थांबवलेलं, पार्श्वसंगीत किंवा सजावट नाही. इथे हमखास होणारी चूक म्हणजे कॅमेरा वर्गाच्या मागे ठेवणं. मग फळा आणि शिक्षक दिसतात, मुलं ना दिसतात ना ऐकू येतात. पुढच्या कोपऱ्यातून, मुलांकडे तोंड करून ठेवायला सांगा आणि आवाजासाठी दुसरा मोबाइल मधल्या बाकावर. पालकांची लेखी संमती आधीच हवी. नमुना तुम्हीच पाठवा. संमती नसलेली मुलं कॅमेऱ्याच्या मागच्या बाजूला बसतील, पण वर्गातच बसतील, हेही लिहून द्या.

सगळ्यात बोलका पुरावा प्रयोगवह्यांचा. मात्र वह्या शिक्षकाने निवडायच्या नाहीत. अर्ज आल्यावर तुम्ही चिठ्ठ्या टाकून पटावरचे सहा क्रमांक कळवा आणि दोन दिवसांत त्याच मुलांच्या वह्यांची पानं मागवा. लोलकाचा प्रयोग घ्या. दोरा १ मीटर, आंदोलनं २०, वेळ साधारण ४० सेकंद यायला हवा. सहाही वह्यांत ४०.१ लिहिलेलं असेल तर ते फळ्यावरून उतरलंय. एकीत ३९.६, दुसरीत ४०.७, तिसरीत ३८.२ खोडून शेजारी 'गोळा सोडतानाच एक मोजलं, म्हणून १९च झाली' असं असेल, तर त्या वर्गात मुलं मोजत आहेत, चुकत आहेत आणि चूक शोधत आहेत. ते खोडलेलं ३८.२ दहा प्रमाणपत्रांपेक्षा मोलाचं आहे. स्वच्छ वहीला गुण देऊ नका, हे परीक्षकांना आवर्जून सांगा.

दोन_मेणबत्त्या:
लोलक यांच्या वहीच्या मुद्द्याला पूर्ण अनुमोदन. चित्रीकरणात नेमकं काय पाहायचं तेही ठरवून द्या, नाहीतर परीक्षक शिक्षकाच्या वक्तृत्वाला गुण देऊन मोकळे होतात.

एक सोपं मोजमाप म्हणजे प्रश्नानंतरचा थांबा. अमेरिकी शिक्षणसंशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात दाखवलं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात आणि मग नाव घेतात किंवा स्वतःच उत्तर देतात. थांबा तीन सेकंदांच्या वर गेला की मुलांची उत्तरं लांबतात, कारणं देणं वाढतं, एरवी गप्प बसणारी मुलंही बोलतात. घड्याळ लावून दहा प्रश्नांचा थांबा मोजा. दुसरं, मुलांनी आपणहून विचारलेले प्रश्न मोजा. तिसरं, चुकीचं उत्तर आल्यावर शिक्षक काय करतो ते पाहा: 'चूक, पुढचा' की 'असं का वाटलं तुला?'

परीक्षकांत विषयाचा जाणकार हवाच. पाण्याच्या ताटलीत मेणबत्ती पेटवून वर ग्लास पालथा घालतात तो प्रयोग घ्या. 'हवेत प्राणवायू एक-पंचमांश, तो संपला म्हणून पाणी तेवढं चढलं' हे सांगणारा तास दिसायला सुरेख असतो, पण स्पष्टीकरण चुकीचं आहे. प्राणवायू पूर्ण संपण्याआधीच ज्योत विझते. पाणी चढतं ते मुख्यतः तापून फुगलेली हवा विझल्यावर थंड होऊन आकसते म्हणून. ग्लास ठेवताना बुडबुडे बाहेर पडतात ते त्याच फुगलेल्या हवेचे. मेणबत्ती जळत असताना पाणी फारसं हलत नाही, विझल्यावर मात्र झपकन चढतं. एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावल्या तर जास्त चढतं, ग्लासातला प्राणवायू मात्र तेवढाच असतो. 'तीन लावल्या तर?' हा प्रश्न मुलांपुढे टाकून त्यांना आधी अंदाज लिहायला लावणारा शिक्षक सापडला तर त्याला धरून ठेवा.

माझ्या मते गुण असे: गैरसमज ओळखणं आणि हाताळणं ३५, मुलांचं स्वतः करणं आणि तर्क ३५, शिकल्याचा पुरावा १५, सहकारी शिक्षकांपर्यंत पोचवणं १५. सुरक्षिततेला गुण नकोत, ती अट असू द्या. परीक्षानळी तापवताना तोंड मुलांकडे असेल किंवा आम्लात पाणी ओतलं जात असेल, तर बाकी तास कितीही रंगलेला असो, अर्ज तिथेच थांबवा.

शून्य_त्रुटी:
निकालाबद्दल. वर्षअखेरचा निकाल मागवू नका. मूल शाळेत येताना काय घेऊन आलं होतं हेच त्यात बरंचसं मोजलं जातं. आधी आणि नंतर एकच चाचणी घेतलीत तर वाढ काढता येते. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये भौतिकशास्त्राच्या ६२ अभ्यासक्रमांतल्या सुमारे साडेसहा हजार विद्यार्थ्यांसाठी हेच माप वापरलं: प्रत्यक्ष वाढ भागिले शक्य असलेली वाढ. एक वर्ग ४० टक्क्यांवरून ७० वर गेला: ३० भागिले ६०, म्हणजे ०.५. दुसरा ७० वरून ८५ वर गेला: १५ भागिले ३०, तेही ०.५. नुसती शेवटची टक्केवारी पाहिली असती तर दुसरा शिक्षक सरस ठरला असता.

हे बिघडतं कुठे? चाचणी शिक्षकाची स्वतःची असेल तर. ती तुम्ही द्या: २० प्रश्न, चुकीचे पर्याय मुलांच्या नेहमीच्या गैरसमजांवर बेतलेले. दोन्ही वेळा हजर असलेल्या मुलांचेच गुण धरा. आणि ३० मुलांच्या एका वर्गावरून ०.४५ आणि ०.५० यांत फरक करू नका, तेवढा चढउतार आपोआप होतो. म्हणून या भागाला १५ पेक्षा जास्त गुण नकोतच.

परीक्षकांचा हिशोब: ६० अर्ज, प्रत्येक अर्ज दोघांनी स्वतंत्रपणे पाहायचा, म्हणजे १२० वाचनं. एकाला ४० मिनिटं धरली तर ८० तास. आठ परीक्षक असतील तर प्रत्येकी १० तास. तिघांवर हे टाकलंत तर शेवटचे अर्ज थकल्या डोळ्यांनी वाचले जातील. सुरुवातीला आठही जणांनी तेच तीन अर्ज तपासून गुण समोरासमोर ठेवावेत आणि फरक का पडला ते बोलावं. नंतर दोघांच्या गुणांत १० पेक्षा जास्त अंतर आलं तर तिसऱ्याकडे द्या, सरळ सरासरी काढू नका. लेखन चांगलं असलं की बाकी रकान्यांतही गुण नकळत चढतात. मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइक यांनी १९२० मध्येच हा परिणाम नोंदवलाय. म्हणून आधी सगळ्या अर्जांचं लेखन तपासा, नाव-शाळा झाकून, मग सगळ्यांचं चित्रीकरण. ओळखीचा अर्ज आला तर परीक्षकाने बाजूला व्हावं, हे नियमातच लिहा.

आतशी_भिंग:
मनापासून आभार. फाइल आणि निकाल दोन्ही काढून टाकतोय. दोन शंका: प्राथमिक आणि माध्यमिक एकत्र ठेवावेत का? आणि रक्कम शिक्षकाला द्यावी की प्रयोगशाळेला?

लोलक:
एकत्र नको. तिसरीच्या मुलांसोबत बी रुजवून रोज उंची मोजणं आणि नववीत ओहमचा नियम पडताळणं एकाच तराजूत बसत नाही. एका वर्षी दोन्ही झेपत नसतील तर आलटून पालटून करा. अमेरिकेत १९८३ पासून गणित-विज्ञान शिक्षकांना राष्ट्राध्यक्षांच्या नावाने पुरस्कार दिला जातो, तिथे एक वर्ष खालच्या इयत्तांचं, पुढचं वरच्या इयत्तांचं, अशी पद्धत आहे.

रक्कम शिक्षकाच्या हातात, विनाअट. प्रयोगशाळेसाठी द्यायचं असेल तर वेगळं द्या. पुरस्काराच्या पैशांतून तराजू आणि चंचुपात्रं घ्यायला लावली तर त्या शिक्षकाला खऱ्या अर्थाने काहीच मिळालं नाही.

आणि निवड न झालेल्या प्रत्येकाला पाच-सहा ओळी लिहून पाठवा: कोणता प्रसंग आवडला, कुठे गुण गेले. त्या ओळी परीक्षकांनी गुण देतानाच, प्रत्येक अर्जाखाली लिहायच्या. निकाल लागल्यावर लिहू म्हटलं की ते राहून जातं.