सर्कसच्या आठवणी लिहा (ठाणे, नवी मुंबई आणि आसपास)

नौपाडेकर: काल नातवानं विचारलं, "आजोबा, सर्कशीत खराखुरा वाघ असायचा?" आणि तो वासच नाकात आला. ओला भुसा, घोड्यांची लीद, जनरेटरचा धूर. ठाण्यात तंबू पडला की रात्री आभाळात सर्चलाइट फिरायचा आणि अख्खी चाळ गच्चीवर. आमचं तिकीट सगळ्यात स्वस्त, फळ्यांच्या गॅलरीचं. फटीतून चप्पल खाली गेली की गेली, खेळ संपेपर्यंत एका पायावर. तुम्हीही लिहा.

कळव्याची_सून: मला जोकरची भीती वाटायची, वाघाची नाही 😄 कुकर लावलाय, नंतर लिहिते.

कृष्णाकाठ: सुरुवात आमच्याकडची बरं का! अंकलखोपचे विष्णुपंत छत्रे. इटालियन चिआरिनीची सर्कस मुंबईत बघितली आणि १८८० मध्ये स्वतःची ग्रेट इंडियन सर्कस काढली. म्हैसाळचे देवलही सर्कसवाले.

नौपाडेकर: आले सांगलीकर!

कृष्णाकाठ: येणारच. हळद आमची, सर्कसही आमची.

घणसोली_७: मौत का कुआँ कुणाला आठवतो का?

कळव्याची_सून: अहो तो जत्रेत. सर्कशीत लोखंडी जाळीचा गोळा, आत मोटारसायकली. माझा भाऊ बघून आला आणि सायकल जिन्यावरून उतरवायला गेला. दात अजून अर्धा आहे.

ऐरोलीची_माई: २०२० च्या लॉकडाऊनमध्ये रॅम्बो सर्कस इथंच ऐरोलीत अडकली होती. खेळ बंद, पण कलाकार आणि कुत्री-घोडे यांना खायला तर रोज लागणार. आमच्या बिल्डिंगमधून तांदूळ-तेल गेलं. पुढं त्यांनी ऑनलाइन खेळ केला, तोही पाहिला. पण झुल्यावरचा माणूस हात सोडतो तेव्हा शेजारचा अनोळखी माणूस आपला दंड धरतो, ते मोबाइलवर कुठून येणार?

घणसोली_७: १९९८ ला वाघ, सिंह, अस्वलं, माकडं बंद केली आणि तिथंच संपलं सगळं.

ऐरोलीची_माई: बंद झाली ते बरंच. हंटरचा आवाज आला की मी डोळे मिटायचे.

नौपाडेकर: दोन्ही खरं. २०११ ला चौदाच्या आतल्या मुलांनाही बंदी आली, तीही योग्यच. पण लहानपणापासून तयार होणारे झुलेवाले आता कुठून आणायचे? आणि तंबू ठोकायला मैदान तरी कुठाय, जिथं तिथं टॉवर.

कळव्याची_सून: आले परत. मध्यंतरात आम्ही खारे शेंगदाणे खायचो आणि येताना स्टेशनजवळ कुंजविहारचा वडापाव.

घणसोली_७: तो एवढा मोठा वडा अजून मिळतो का?

कळव्याची_सून: मिळतो की. शनिवारी येताय का?